एक सर्च बॉक्स, पाच स्रोत: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाचं वर्णन एका ओळीत मावतं. संशोधकाने शब्द एकदाच टाकायचे आणि ग्रंथालयाचा कॅटलॉग, संस्थेचं प्रबंध-भांडार, पबमेड (वैद्यकीय लेखांची सूची), आर्काइव्ह (arXiv, छापण्याआधीच्या लेखांचं भांडार) आणि क्रॉसरेफ (प्रकाशकांनी नोंदवलेल्या लेखांची सूची) या पाचही ठिकाणचे निकाल त्याला एकाच पडद्यावर मिळायचे. सर्व्हरची बाजू एक सहकारी सांभाळते आहे, संदर्भ विभागाच्या ग्रंथपाल मॅडम सल्ल्याला आहेत, आणि पडदा माझ्याकडे.

कल्पना जुनी आहे. एका संगणकावरून दुसऱ्या ग्रंथालयाचा कॅटलॉग शोधता यावा म्हणून झेड ३९.५० हा प्रोटोकॉल १९८८ मध्ये आला. त्यात शोधाच्या जागांना आकडे ठरवून दिले होते: ४ म्हणजे शीर्षक, १००३ म्हणजे लेखक, २१ म्हणजे विषय. विचारणाऱ्याने ४ पाठवला की समोरच्याने शीर्षकात शोधायचं. पण त्या ४ च्या खाली नेमकं काय काय इंडेक्स करायचं हे प्रत्येक कॅटलॉग आपल्या परीने ठरवायचा. मुख्य शीर्षकच घ्यायचं की उपशीर्षक आणि मालिकेचं नावही घ्यायचं? त्यामुळे प्रश्न सारखा पाठवला तरी उत्तरं सारख्या अर्थाची येत नसत. पुढे याच घराण्यातून वेबला सोयीचं एसआरयू आलं, आमचा कॅटलॉग तेच बोलतो. अडचण मात्र तीच राहिली आहे.

२००९ च्या सुमारास दुसरी वाट रुळली. समनसारख्या सेवांनी प्रकाशकांकडून मेटाडेटा (शीर्षक, लेखक, साल अशी नोंदींची माहिती) आधीच गोळा करून एकच प्रचंड इंडेक्स बनवला. उत्तर झटक्यात येऊ लागलं, पण त्या इंडेक्समध्ये काय आहे आणि काय नाही याचा वाचकाला अंदाज येईना. आम्ही मधला मार्ग घेतो आहोत. प्रबंध-भांडारातल्या नोंदी ओएआय-पीएमएच या नोंदी घाऊक उचलण्याच्या प्रमाणित पद्धतीने उचलून आपल्याकडे इंडेक्स करायच्या, बाकीच्या चौघांना त्या त्या वेळी प्रश्न पाठवायचा.

एका बॉक्समागे पाच वेगवेगळे स्वभाव आहेत. कोणाला विचारलं, काय शब्दांत विचारलं आणि कोणाचं उत्तर आलं, हे वाचकाला पडद्यावरच कळलं पाहिजे. या कामात मला सगळ्यात जास्त हे जपायचं आहे.

९ जानेवारी

संदर्भ टेबलाशेजारी बसून लोक कसं शोधतात ते पाहिलं. एक पीएचडीची विद्यार्थिनी आधीपासून वापरात असलेल्या एका बहुशोध साधनावर काम करत होती. उजवीकडे स्रोतांची यादी, प्रत्येकापुढे आकडा. एका स्रोतापुढे शून्य. ती वहीत लिहीत होती की या विषयावर तिकडे काही काम नाही. मॅडमनी तोच शोध त्या डेटाबेसच्या स्वतःच्या पानावर चालवून दाखवला, तर तिथे पानंच्या पानं भरून निकाल. ते शून्य म्हणजे त्या साधनाचा टाइमआउट होता. स्रोताने उत्तरच दिलं नव्हतं, आणि पडद्यावर "नाही" आणि "माहीत नाही" यांचं चित्र एकच होतं.

"अहो, हे रोजचं आहे," मॅडम म्हणाल्या. "मी प्रत्येकाला सांगते की शून्य दिसलं की एकदा मूळ ठिकाणी जाऊन बघ. पण सांगायला दर वेळी मी कुठून असणार?"

प्रबंधात "या विषयावर संशोधन झालेलं नाही" असं वाक्य लिहिलं जातं तेव्हा त्याच्यामागे असं एखादं शून्य असू शकतं. यापेक्षा गंभीर दोष मला शोधाच्या पडद्यात दिसत नाही.

१५ जानेवारी

दिवसभर फक्त अवस्था आणि त्यांची वाक्यं. कोणत्याही क्षणी एखादा स्रोत या अवस्थांपैकी एकीत असतो: विचारणं चालू आहे, उत्तर आलं आणि नोंदी आहेत, उत्तर आलं आणि एकही नोंद नाही, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, या प्रकारचा शोध त्याला जमत नाही म्हणून विचारलंच नाही, वाचकाने स्वतः तो स्रोत बंद ठेवला आहे. शेवटच्या चार अवस्थांत पडद्यावर एकही नोंद येत नाही, पण चौघींचा अर्थ सर्वस्वी निराळा. म्हणून शून्य हा आकडा फक्त एकाच अवस्थेत दाखवायचा: स्रोताने खरोखर "काही नाही" असं उत्तर दिलं तेव्हा. बाकीच्या ठिकाणी आकड्याच्या जागी वाक्य येईल.

वाक्यांवर बराच खल झाला. "त्रुटी आली" बाद, कारण त्यातून वाचकाला पुढे काय करायचं ते समजत नाही. "सर्व्हर प्रतिसाद देत नाही" हे आमच्या बाजूचं बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं:

"पबमेडकडून उत्तर आलं नाही. तिथे नोंदी असू शकतात. पुन्हा विचारा किंवा थेट पबमेडवर शोधा."

मधलं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. सहकारी म्हणाली की ते काढलं तर मोबाइलवर एक ओळ वाचेल. मी ते ठेवायचा आग्रह धरला आणि मॅडमनी साथ दिली. "थेट शोधा" या दुव्यात वाचकाचे शब्द आधीच भरलेले असतील, त्याला पुन्हा टाइप करावं लागणार नाही.

आणि हे सगळं निकालांच्या वर राहील. पानाच्या तळाशी किंवा एखाद्या चिन्हाच्या आड गेलं तर ते नसल्यातच जमा.

२१ जानेवारी

आज प्रश्नाच्या भाषांतराकडे वळलो. मॅडम हा विषय किती वर्षं लोकांना समजावत आल्या आहेत ते बोलण्यातून कळत होतं.

"हार्ट अटॅक" हे शब्द टाकले की पबमेड आपल्या वैद्यकीय शब्दसूचीत, म्हणजे मेशमध्ये पाहतो आणि "मायोकार्डियल इन्फार्क्शन" हे अधिकृत पद शोधात जोडतो. वाचकाने न लिहिलेला शब्द असलेले लेखही त्यामुळे सापडतात. आर्काइव्ह असं काही करत नाही, तो दिलेले शब्द शीर्षकात, सारांशात, लेखकांच्या नावांत शोधतो. क्रॉसरेफमध्ये शब्दांपैकी काही जुळले तरी नोंद येते आणि जुळणीच्या गुणांवर क्रम लागतो. म्हणजे बॉक्स एक, पण पाठीमागे तीन वेगळे प्रश्न विचारले जात आहेत.

पबमेडची एक गोष्ट मला फार आवडली. त्याचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने प्रश्न विचारायचं दार, निकालांसोबत, तुमच्या शब्दांचं आपण काय केलं तेही परत पाठवतो. हे आजवर लॉगमध्ये पडून असायचं. आम्ही ते पडद्यावर आणतो आहोत: प्रत्येक स्रोताच्या नावाखाली "इथे असं विचारलं" ही घडी, उघडली की तिथे पाठवलेला पूर्ण प्रश्न. आर्काइव्हच्या खाली आमच्या सर्व्हरने बनवलेला प्रश्न, कॅटलॉगच्या खाली एसआरयूचा. नवख्या वाचकाला ती घडी मिटलेली दिसेल आणि त्रास होणार नाही. अनुभवी माणूस मात्र ती पहिल्यांदा उघडेल.

तारांकनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शब्दाच्या शेवटी तारा लावला की त्यापुढची सगळी रूपं शोधायची, ही सवय पबमेड वापरणाऱ्यांच्या बोटांत बसलेली असते. तिथे ताऱ्याआधी किमान चार अक्षरं लागतात. दुसरीकडे तोच तारा निरर्थक ठरू शकतो. ज्या स्रोताला तारा कळत नाही तिथे तो गुपचूप काढून शोध चालवावा, की त्या स्रोताला विचारूच नये? गुपचूप काढायला माझा ठाम विरोध आहे. सध्या असं करतो: तारा काढून विचारायचं आणि त्या गटाच्या माथ्यावर "इथे तारा चालत नाही, म्हणून नेमका शब्द शोधला" हे लिहायचं.

त्याच दिवशी आणखी एक निर्णय. टाइप करता करता निकाल दिसावेत अशी मागणी होती. पबमेडचा एपीआय ओळखीची किल्ली नसेल तर सेकंदाला तीन विनंत्या घेतो, किल्ली असेल तर दहा. आर्काइव्हची अपेक्षा आहे की दोन विनंत्यांमध्ये तीन सेकंद जावेत. एक माणूस एक शब्द टाइप करेपर्यंत ही मर्यादा संपते, आणि तिथे तर अनेक जण एका वेळी शोधत असतील. हे स्रोत फुकट आणि सर्वांसाठी खुले आहेत, त्यांच्यावर असा मारा करणं योग्यही नाही. म्हणून शोध फक्त एंटर दाबल्यावर. टाइप करताना ज्या सूचना दिसतील त्या आमच्याच इंडेक्समधून येतील. आर्काइव्हची उत्तरं दिवसभर साठवून ठेवतो, कारण त्यांच्याकडे नव्या नोंदी दिवसातून एकदाच चढतात.

२८ जानेवारी

लेखकाच्या नावाचा फिल्टर नको, असं ठरलं. पबमेडच्या यादीत आडनाव आणि आद्याक्षरं, आर्काइव्हमध्ये पूर्ण नाव, कॅटलॉगमध्ये आडनाव आधी आणि पुष्कळदा मागे जन्मसाल. एकाच माणसाच्या तीन ओळी होतात, आणि एका आद्याक्षराखाली अनेक माणसं गोळा होतात. संशोधकाची ओळख पटवणारे ऑर्किड क्रमांक २०१२ पासून आहेत, पण जुन्या नोंदींवर ते नाहीत. चुकीची गर्दी दाखवणारा फिल्टर देण्यापेक्षा लेखकाचं नाव क्लिक केलं की त्याच स्रोतात, त्याच रूपातल्या नावाने शोध होईल एवढं पुरे.

४ फेब्रुवारी

वेळेचा प्रश्न. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी सांगितलेल्या मर्यादा सर्वांना पाठ असतात: ०.१ सेकंदात झालं तर तात्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. त्यांचं मूळ रॉबर्ट मिलर यांच्या १९६८ च्या मांडणीपर्यंत जातं. आमच्याकडे भांडाराचा इंडेक्स लगेच उत्तर देतो, पबमेड आणि क्रॉसरेफ साधारण त्याच्या मागोमाग, आणि कॅटलॉग कधी पटकन तर कधी अगदी शेवटी. सगळ्यांची वाट पाहून एकदम दाखवायचं म्हटलं तर सर्वांत संथ स्रोत सगळ्या पडद्याचा वेग ठरवतो. म्हणून येईल तसं दाखवायचं, हे उघड होतं.

चाचणीत त्यातून निघालेला प्रश्न मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकत्र यादीचा नमुना एका संशोधकापुढे ठेवला होता. त्यांनी पहिले दोन निकाल वाचले, तिसऱ्याचं शीर्षक त्यांना हवं तेच होतं, त्यांनी माउस तिकडे नेला, आणि बोट दाबायच्या क्षणी कॅटलॉगचं उत्तर आलं. नव्या नोंदी क्रमानुसार मध्ये शिरल्या, तिसरा निकाल खाली सरकला आणि क्लिक भलत्याच पुस्तकावर पडला. ते मागे आले. तोवर यादी पुन्हा बदललेली. मघाचा लेख त्यांना यादीत शोधावा लागला. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर प्रत्येक शोधानंतर ते माउसवरून हात काढून पडदा शांत होण्याची वाट पाहू लागले. लवकर दाखवून आम्ही जो वेळ वाचवला होता तो सगळा तिथे गेला.

नियम बनला: वाचकाच्या नजरेसमोर आलेली ओळ त्याने सांगितल्याशिवाय हलणार नाही. उशिरा आलेल्या नोंदी बाजूला जमतील आणि यादीच्या माथ्यावर एक पट्टी येईल, "कॅटलॉगमधून नवीन निकाल आले आहेत, दाखवा". दाबलं तरच त्या मिसळतील, आणि मिसळल्यावर वाचक जी ओळ पाहत होता ती पडद्यावर त्याच उंचीवर राहील. पट्टीची जागा आधीपासून राखलेली असेल, म्हणजे तिच्या येण्यानेही काही सरकणार नाही. सहकारीने त्याच संध्याकाळी स्क्रोलचं गणित बसवून दिलं.

दहा सेकंदांनंतर स्रोताला "उत्तर आलं नाही" या अवस्थेत टाकतो, पण मागची विनंती लगेच मारत नाही. उशिरा का होईना उत्तर आलं तर वाक्य बदलतं आणि तीच पट्टी दिसते.

११ फेब्रुवारी

क्रम. सर्वांत अवघड भाग, आणि सर्वांत जास्त मतभेद इथेच.

स्रोतांचे गुण एकमेकांशी जुळवता येत नाहीत. क्रॉसरेफ प्रत्येक नोंदीला गुण देतो, पण ते त्याच्याच त्या शोधापुरते. पबमेड क्रम देतो, गुण देत नाही. कॅटलॉगचा क्रम कशावर लागतो ते एसआरयूच्या उत्तरातून कळत नाही. तेव्हा हाती उरतो फक्त प्रत्येक यादीतला क्रमांक. त्यावर २००९ मध्ये कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूटखर यांनी मांडलेली रीत साधी आणि मजबूत आहे: प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, १ ला त्या बेरजेने भागायचं, आणि एकच नोंद अनेक यादींत असेल तर हे भागाकार जोडायचे. एखादी नोंद फक्त एका यादीत पहिली असेल तर १/६१, म्हणजे सुमारे ०.०१६४. दुसरी नोंद एकीकडे तिसरी आणि दुसरीकडे पाचवी असेल तर १/६३ आणि १/६५ मिळून सुमारे ०.०३१३. दोन्हीकडे बऱ्यापैकी वर असलेली नोंद पुढे जाते, आणि बहुतेक वेळा ते रास्तच असतं.

पण ही रीत जिथे त्याच दस्तऐवजांच्या वेगवेगळ्या याद्या असतात तिथे शोभते. आमच्या स्रोतांत सामाईक भाग थोडा. सामाईक नोंदच नसेल तर सूत्राचं काम इतकंच उरतं की प्रत्येकाकडून एकेक उचलून ओळीत लावायची. रुग्णालयातल्या संसर्गावर शोध घेतला तर आर्काइव्हकडचा सर्वांत वरचा लेख, मग तो कितीही लांबचा असो, पहिल्या पाचांत येऊन बसतो. सूत्राला ते कळायची सोय नाही, कारण त्याला फक्त "आर्काइव्हमध्ये पहिला" एवढंच माहीत.

दुसरा पर्याय बेंटो मांडणीचा, जी नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या शोधपानामुळे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. प्रत्येक स्रोताचा वेगळा चौकोन, त्यात पहिले काही निकाल, खाली "सगळे पाहा". इथे क्रमाबद्दल खोटा दावा होत नाही. उशिरा आलेला स्रोत आपल्याच चौकोनात भरतो, कोणाला ढकलत नाही. अवस्थेच्या वाक्यालाही हक्काची जागा मिळते. तोटाही आहे: चाचणीत बहुतेकांची नजर डावीकडच्या वरच्या चौकोनातच रेंगाळली, आणि तोच लेख दोन चौकोनांत दिसला की लोक अडखळले.

माझं मत बेंटोच्या बाजूने झुकलं आणि तेच ठरलं, फक्त चौकोन स्रोताच्या नावाने पाडायचे नाहीत. विद्यार्थ्याला "क्रॉसरेफ" हे नाव काही सांगत नाही. गट असे: पुस्तकं, प्रबंध, वैद्यकातले लेख, प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधी खुले केलेले लेख), इतर लेख. गटाच्या माथ्याला मोठ्या अक्षरात हे, आणि खाली लहान पण स्पष्ट अक्षरात स्रोताचं नाव. एकत्र यादी हवी असेल तर वर बटण आहे, आणि तिथे २००९ ची तीच रीत वापरू. मोबाइलवर गट एकाखाली एक येतात, म्हणून तिथे वर सर्व गटांची एक ओळ चिकटून राहील. शेवटचा गट दिसण्यासाठी अख्खं पान उतरायला लागू नये.

१२ फेब्रुवारी

एकूण निकालांचे आकडे काढून टाकले. क्रॉसरेफ काही शब्द जुळले तरी नोंद मोजतो, म्हणून त्याच्यापुढे लाखांत आकडा यायचा आणि शेजारी भांडारापुढे दोन अंकी. वाचकाला वाटायचं की सगळं घबाड तिकडेच आहे. आता शंभरापर्यंत नेमका आकडा, त्यापुढे "शंभराहून जास्त". शून्याचा नियम १५ जानेवारीचाच.

१९ फेब्रुवारी

एकच वस्तू दोनदा येण्याचा प्रश्न. वरवर सोपा वाटतो, डीओआय (प्रत्येक लेखाला दिलेला कायमचा ओळख-क्रमांक) सारखा असेल तर नोंद एक. डीओआयमध्ये इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरत नाहीत, तेव्हा तुलना करण्याआधी सगळं लहान अक्षरांत आणायचं. पुस्तकांना आयएसबीएन. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला, पण जुन्या नोंदींत दहा अंकीच आहे. शेवटचा तपासअंक सोडून पहिले नऊ अंक घ्यायचे, पुढे ९७८ लावायचे आणि तपासअंक नव्याने काढायचा. नुसतं ९७८ चिकटवून भागत नाही, कारण दोन्हींच्या तपासअंकाची रीत वेगळी आहे.

खरा गुंता प्रीप्रिंटचा. २०२२ पासून आर्काइव्ह आपल्या लेखांना स्वतःचे डीओआय देतो, १०.४८५५० ने सुरू होणारे, आणि त्यांची नोंदणी डेटासाइट या क्रॉसरेफहून वेगळ्या संस्थेकडे असते. तोच लेख नियतकालिकात छापला गेला की त्याला प्रकाशकाचा वेगळा डीओआय मिळतो आणि तो क्रॉसरेफमध्ये दिसतो. डीओआय दोन, तेव्हा यंत्राच्या लेखी लेख दोन. कधी आर्काइव्हच्या नोंदीत लेखकाने छापील लेखाचा डीओआय भरलेला असतो, कधी क्रॉसरेफच्या नोंदीत प्रीप्रिंटशी नातं लिहिलेलं असतं. दोन्ही नसेल तर शीर्षक आणि लेखक यांवरून अंदाज.

अंदाजावर नोंदी एकत्र करायच्या का? मी म्हटलं, नाही. एकच लेख दोनदा दिसला तर वाचकाचे दोन सेकंद जातात. दोन वेगळे लेख एकात गुंडाळले गेले तर त्यातला एक त्याला कधीच दिसत नाही, आणि तो गेला हेही कळत नाही. शिवाय प्रीप्रिंट आणि छापील लेख यांत मजकूर बदललेला असू शकतो. परीक्षकांच्या सूचनेवरून एखादी आकृती किंवा निष्कर्षही बदलतो. म्हणून त्यांना पूर्ण एक न करता शेजारी ठेवतो. छापील नोंद वर, तिच्याखाली "याचं प्रीप्रिंट रूप" अशी ओळ. नातं नोंदीत लिहिलेलं असेल तरच ही ओळ, अंदाज असेल तर "बहुधा याचंच प्रीप्रिंट रूप".

२६ फेब्रुवारी

सालाची सरकपट्टी रद्द झाली. समजा एक लेख नोव्हेंबर २०१८ मध्ये आर्काइव्हवर चढला, मार्च २०१९ मध्ये ऑनलाइन प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी २०२० च्या छापील अंकात आला. २०१९ चा फिल्टर लावला तर तो दिसावा का? क्रॉसरेफमध्ये ऑनलाइन आणि छापील तारखा वेगळ्या नोंदलेल्या असतात, आर्काइव्हला फक्त आपली माहीत. आम्ही ठरवलं की यातली कोणतीही तारीख बसली तरी नोंद ठेवायची आणि ओळीत कोणती तारीख ते लिहायचं.

कॅटलॉगची आणखी वेगळी तऱ्हा. मार्क (ग्रंथालयाच्या नोंदींचा प्रमाणित साचा) नोंदीच्या ००८ या क्षेत्रात सालाच्या चार जागा असतात, आणि साल नक्की माहीत नसेल तर अंकाच्या जागी यू लिहितात. "१९यूयू" म्हणजे विसाव्या शतकातलं कधीतरी. सरकपट्टीवर याला जागाच नाही, आणि पट्टी जरा हलवली की अशी पुस्तकं नाहीशी होतात. आता "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन साध्या चौकटी आहेत आणि खाली आधीच खूण केलेला पर्याय: "साल नक्की नसलेल्या नोंदीही दाखवा".

फिल्टरपुढच्या आकड्यांचीही तीच कथा. प्रत्येक स्रोताकडून आम्ही पहिल्या पन्नास नोंदी आणतो, म्हणजे भाषेच्या फिल्टरपुढचा आकडा त्या पन्नासांतला. वाचक मात्र तो अख्ख्या डेटाबेसचा समजतो. फिल्टरच्या माथ्यावर "आतापर्यंत आणलेल्या नोंदींत" हे शब्द घातले. जिथे स्रोतालाच तो फिल्टर कळतो तिथे क्लिक केल्यावर नव्याने विचारतो, आणलेल्यांतून नुसतं गाळत नाही.

५ मार्च

आज एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या एका दृष्टिहीन संशोधकांनी पडदा तपासला. वेबपानं सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक निकषांच्या २.१ आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, ४.१.३ हा निकष आला: पानावर स्थिती बदलली तर फोकस न हलवता ती सहायक साधनापर्यंत पोचली पाहिजे. आमचा पडदा तर सतत स्थिती बदलणारा. प्रत्येक स्रोताची घोषणा वेगळी केली तर ऐकणाऱ्याचं वाचन दर वेळी तुटतं, आणि काहीच घोषणा नसेल तर शोध संपला की नाही ते कळत नाही. म्हणून थोड्या थोड्या अंतराने एकच वाक्य बोललं जातं: "पाचपैकी तीन स्रोतांची उत्तरं आली." शेवटी एकदा पूर्ण गोषवारा, त्यात न आलेल्या स्रोतांची नावंही.

ते एच दाबत एका गटाच्या शीर्षकावरून दुसऱ्यावर गेले आणि म्हणाले, "गटाचं नाव ऐकतानाच कळलं पाहिजे की इथे थांबायचं का पुढे जायचं." बरोबर आहे. डोळ्यांनी पाहणारा चौकोन रिकामा आहे हे एका नजरेत ओळखतो, कानांना ते शीर्षकातच मिळायला हवं. आता शीर्षक असं वाचलं जातं: "प्रीप्रिंट, आर्काइव्ह, उत्तर आलं नाही." हीच रचना सर्वांसाठी दृश्य शीर्षकातही आणली, कारण ती सगळ्यांनाच उपयोगी आहे.

१२ मार्च

मॅडमनी सुरुवातीपासून एक मागणी लावून धरली होती, ती आज पूर्ण झाली. प्रणालीबद्ध आढावा (विषयावरचं सगळं संशोधन ठरलेल्या रीतीने गोळा करून केलेला आढावा) लिहिणाऱ्याला आपण कुठे, कधी आणि नेमकं काय शोधलं हे लेखात नोंदवावं लागतं. २०२१ मध्ये आलेल्या प्रिझ्मा-एस या मार्गदर्शक सूचीत तर स्पष्ट आहे की एकाच मंचावरून अनेक डेटाबेस एकदम शोधले असतील तर मंचाचं नाव आणि शोधलेला प्रत्येक डेटाबेस लिहा, आणि प्रश्न जसा चालवला तसाच्या तसा द्या. आमच्यासारखी साधनं नेमका हाच तपशील गिळून टाकतात.

आता निकालांच्या वर "या शोधाची नोंद" असं बटण आहे. त्यातून साध्या मजकुराची फाइल उतरते. प्रत्येक स्रोताचं नाव, तारीख आणि वेळ, तिथे पाठवलेला पूर्ण प्रश्न, लावलेले फिल्टर, किती नोंदी आणल्या, आणि अवस्था. उत्तर न आलेला स्रोतही त्यात त्याच शब्दांत येतो. पबमेडच्या नोंदीत वाचकाचे मूळ शब्द आणि पबमेडने केलेला विस्तार असे दोन्ही असतात. मॅडमनी पहिली फाइल उघडली, पबमेडचा प्रश्न उचलून पबमेडच्या पानावर टाकला, आणि तेच निकाल आले. मग त्यांनी आर्काइव्हचाही तसाच पडताळून पाहिला.

एक गोष्ट मी फाइलच्या माथ्यावर मुद्दाम लिहिली आहे: आढाव्यासाठी हा शोध पुरेसा समजू नका, प्रत्येक डेटाबेस त्याच्या स्वतःच्या पानावर, त्याच्या शब्दसूचीनुसार शोधा. आपला पडदा सुरुवातीला चाचपणी करायला, अनोळखी विषयाचे शब्द गोळा करायला आणि आपल्या क्षेत्राबाहेर काय आहे ते पाहायला उत्तम आहे. त्याला जे जमत नाही ते त्यानेच सांगावं.

१८ मार्च

उद्यापासून संदर्भ टेबलावर हाच पडदा. चालू अवस्थेत सोडलेली कामं: आर्काइव्हच्या रांगेत थांबलेल्याला किती सेकंद लागतील ते दाखवायचं का, हे सहकारी मोजून सांगेल. वाचकाने वेचून ठेवलेल्या निकालांची एकदम आरआयएस फाइल (संदर्भसूचीच्या साधनांत भरायची फाइल) काढताना "बहुधा याचंच प्रीप्रिंट रूप" असलेल्या नोंदी वेगळ्याच ठेवायच्या आहेत, ते उरलं आहे. आणि ताऱ्याचा प्रश्न: कॅटलॉगमध्ये तारा चालतो, पण शब्दाच्या मध्ये घातलेला चालतो का हे मॅडम उद्या सकाळी तपासणार आहेत, तोवर मध्ये तारा असलेला शोध कॅटलॉगला पाठवत नाही आणि गटावर तसं लिहिलेलं आहे.